आपल्या नावाचे डोमेन: मालकी किती, भाडे किती

२० जानेवारी २०११ला देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली आणि कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय लोकांच्या हातात आली. त्याआधी रेंज मिळो न मिळो, बिल कितीही येवो, माणसे एकाच कंपनीला चिकटून राहत. नंबर बदलायचा म्हणजे गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, बँकेला, गॅस एजन्सीला नव्याने कळवत बसायचे. समाजमाध्यमांवर आजही तीच अवस्था आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांवर माणूस दहा-पंधरा वर्षे लिहितो, त्याच्या नावाला ओळख मिळते, आणि ती ओळख त्या कंपनीच्या आवारातच अडकून पडते. तिथून निघायचे तर नाव, फॉलोअर, जुने लिखाण असे सगळे मागे टाकून निघावे लागते.

या कोंडीवर एक तोड आता चांगलीच रुळते आहे. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यायचे आणि विकेंद्रित समाजमाध्यमांवर तेच आपली ओळख म्हणून लावायचे. ब्लूस्काय, मॅस्टोडॉन, नॉस्टर या तिन्ही जाळ्यांत हे करता येते. मात्र तिन्हींकडे डोमेनचे स्थान वेगवेगळे आहे, आणि हा फरक न समजता घाईने डोमेन लावणारा माणूस पुढे अडचणीत येऊ शकतो.

कंपनीने दिलेले नाव कंपनी परत घेऊ शकते, हे तसे सगळ्यांना माहीत असते. पण त्याचा अर्थ उदाहरणानेच नीट कळतो. जुलै २०२३मध्ये ट्विटरचे नामांतर एक्स असे झाले, तेव्हा 'एक्स' हे एकाक्षरी हँडल सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छायाचित्रकाराकडे होते. कंपनीने ते काढून घेतले. मोबदला म्हणून पैसे मिळाले नाहीत. कंपनीच्या काही वस्तू आणि मुख्यालयाची सैर देऊ केली गेली. पुढच्याच महिन्यात 'म्युझिक' हे हँडल असेच गेले. त्याचे सुमारे ५ लाख फॉलोअर होते आणि ते एका माणसाने वर्षानुवर्षे सांभाळून वाढवले होते. दोन्ही वेळा कंपनीने कोणताही नियम मोडला नाही. हँडल कंपनीच्या मालकीचे, हे वापराच्या अटींत पहिल्यापासून लिहिलेले असते.

कंपनीच बंद पडली तर तक्रार करायलाही कुणी उरत नाही. ऑर्कुटवर मराठी मंडळींच्या कम्युनिटी एके काळी भरात होत्या. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झाले. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला गेले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे 'कू' हे देशी व्यासपीठ जुलै २०२४मध्ये गुंडाळले गेले, आणि तिथे मंत्री, खेळाडू, कलावंत यांनी उघडलेली खाती त्याच्याबरोबर संपली. याउलट १९९६ साली सुरू झालेले मायबोली हे मराठी संकेतस्थळ आजही स्वतःच्या पत्त्यावर उभे आहे. मधल्या काळात किती कंपन्या आल्या आणि गेल्या, पण त्याच्या वाचकाला नवा पत्ता शोधावा लागला नाही.

ई-मेलला हे स्वातंत्र्य खूप आधीपासून आहे. स्वतःच्या डोमेनचा ई-मेल वापरणारा माणूस आज एका कंपनीची सेवा घेतो, उद्या दुसरीची. डीएनएसमधली, म्हणजे डोमेन कुठे नेते हे सांगणाऱ्या नोंदवहीतली, एक नोंद बदलली की टपाल नव्या ठिकाणी येऊ लागते आणि पत्ता तोच राहतो. हीच सोय वेबवरच्या ओळखीला मिळावी म्हणून लाइव्हजर्नलचे संस्थापक ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५मध्ये ओपनआयडी आणले. त्यात माणसाची ओळख म्हणजे त्याचा वेबपत्ता होता. स्वतःच्या वेबपानावर दोन ओळी लिहून ओळख तपासण्याचे काम हव्या त्या सेवेकडे सोपवता येई आणि पुढे ती सेवा बदलताही येई. कल्पना उत्तम होती, पण सामान्य माणसाला ती पेलली नाही आणि 'गूगलने लॉगिन करा', 'फेसबुकने लॉगिन करा' या बटणांनी तिला मागे टाकले. २०११मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये टांटेक चेलिक, आरन पारेकी, अँबर केस प्रभृतींनी पहिले इंडीवेबकॅम्प भरवले. आधी स्वतःच्या डोमेनवर लिहा, मग बाकी ठिकाणी पाठवा, हा त्यांचा आग्रह होता. ही चळवळ लहानच राहिली, तरी आज जे घडते आहे त्याची बरीचशी पायाभरणी तिने केली.

ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतले आणि हा विषय तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर आला. भारतात त्याची एक झलक तीन वर्षे आधीच दिसली होती. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले. एक कारण होते १९३६चे हॅम्बुर्गमधले छायाचित्र, ज्यात नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. त्या वेळी निषेध म्हणून भारतातले बरेच लोक मॅस्टोडॉनवर गेले. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला: कोणत्या सर्व्हरवर खाते उघडायचे?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण मॅस्टोडॉनवर सगळे त्यावरच ठरते. २०१६मध्ये ऑयगेन रोखको यांनी सुरू केलेले मॅस्टोडॉन आणि त्याची भावंडे ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणावर चालतात. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने त्याला जानेवारी २०१८मध्ये मान्यता दिली. इथे माणसाचा पत्ता ई-मेलसारखा दोन भागांचा असतो: आधी नाव, मग सर्व्हरचे डोमेन. ते डोमेन ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती ओळख. सर्व्हर चालवणारा कंटाळला, त्याचे पैसे संपले किंवा त्याच्या डोमेनवर संकट आले की तिथल्या सगळ्यांची ओळख जाते.

असे संकट येते, आणि ते भलत्याच दिशेने येते. 'क्विअर डॉट एएफ' या सर्व्हरने अफगाणिस्तानचे देशनिदर्शक डोमेन घेतले होते, कारण इंग्रजी बोलीत ती अक्षरे जोरकस विशेषणासारखी वाचली जातात. ते घेतले तेव्हा काबूलमध्ये वेगळे सरकार होते. फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानच्या दूरसंचार मंत्रालयाने ते डोमेन निलंबित केले आणि समलिंगी व पारलिंगी लोकांसाठी चालवलेला तो सर्व्हर रातोरात पत्त्याविना राहिला. त्याच्या सात महिने आधी, जुलै २०२३मध्ये, मालीने आपल्या देशाच्या 'डॉट एमएल' डोमेनांचा ताबा डच कंपनीकडून परत घेतला. फुकट मिळत म्हणून अनेकांनी ती डोमेने घेतली होती. लेमी या चर्चास्थळांच्या जाळ्यातला एक मोठा सर्व्हर त्या घोळात आपले डोमेन गमावून बसला.

मॅस्टोडॉनवर खाते हलवण्याची सोय आहे, पण ती अर्धवट आहे. फॉलोअर नव्या खात्यावर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि जुना सर्व्हर जिवंत असतानाच हे करावे लागते. तो आधीच बंद पडला असेल तर काहीच करता येत नाही. म्हणून मॅस्टोडॉनवर स्वतःच्या डोमेनची ओळख हवी असणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर उभारावा लागतो, निदान कुणाला तरी महिन्याचे पैसे देऊन चालवून घ्यावा लागतो. आणि एकदा ठरवलेले डोमेन नंतर बदलता येत नाही. मॅस्टोडॉनच्या कागदपत्रांतच तशी ताकीद आहे.

दोन हलके मार्गही आहेत. पहिला वेबफिंगरचा. आपल्या वेबसाइटवर एक छोटी फाइल ठेवली की कुणी आपल्या डोमेनचा पत्ता शोधला तर त्याला आपले खरे मॅस्टोडॉन खाते सापडते. याचा उपयोग फक्त शोधण्यापुरता. खाते त्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरच राहते. दुसरा मार्ग हिरव्या खुणेचा. २०१८पासून मॅस्टोडॉनच्या प्रोफाइलवर वेबसाइटचा दुवा दिला आणि त्या वेबसाइटवरून प्रोफाइलकडे ठरावीक खूण घातलेला परतीचा दुवा ठेवला, की नावाशेजारच्या दुव्याला हिरवी बरोबरची खूण येते. 'ही वेबसाइट आणि हे खाते एकाच माणसाचे' इतके त्यातून सिद्ध होते. ज्यांना फार खटाटोप नको त्यांना हे पुरेसे आहे.

ब्लूस्कायची रचना वेगळी आहे आणि डोमेनच्या दृष्टीने ती जास्त विचारपूर्वक केलेली आहे. ट्विटरच्या पोटातच, डिसेंबर २०१९मध्ये, जॅक डॉर्सी यांनी या प्रकल्पाची घोषणा केली होती. २०२१मध्ये जे ग्रेबर यांच्याकडे सूत्रे आली आणि कंपनी वेगळी झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये निमंत्रणाची अट गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सदस्यसंख्या २ कोटींवर पोहोचली. इथे प्रत्येक खात्याच्या मुळाशी एक कायमचा ओळखक्रमांक असतो, त्याला डीआयडी म्हणतात. त्यात ठरावीक आरंभानंतर अक्षरे आणि आकडे मिळून २४ चिन्हांची अर्थहीन माळ असते. हँडल म्हणजे या क्रमांकावर लावलेले वाचता येण्याजोगे नाव. कोण कुणाला फॉलो करतो, कुणी कुणाचा उल्लेख केला, कुणाची पोस्ट कुणाला आवडली, हे सगळे त्या क्रमांकाशी जोडलेले असते. म्हणून हँडल बदलले तरी फॉलोअर जसेच्या तसे राहतात आणि जुने उल्लेखही योग्य माणसाकडे जातात.

आता प्रत्यक्ष जोडणी. सुरुवातीला खात्याला 'बीस्काय डॉट सोशल' हे शेपूट असलेले हँडल मिळते. सेटिंग्जमध्ये हँडल बदलण्याच्या ठिकाणी 'माझे स्वतःचे डोमेन आहे' हा पर्याय निवडला की आपल्या डीआयडीची ओळ समोर येते. ती कॉपी करून रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिच्याकडून डोमेन घेतले त्या कंपनीच्या, डीएनएस पानावर जायचे आणि एक नवी नोंद घालायची. नोंदीचा प्रकार टीएक्सटी. होस्टच्या रकान्यात अंडरस्कोअर आणि त्याला लागून 'एटीप्रोटो'. व्हॅल्यूच्या रकान्यात कॉपी केलेली ओळ. सेव्ह करून ब्लूस्कायवर परत यायचे आणि पडताळणीचे बटण दाबायचे. बहुतेक वेळा काही मिनिटांत काम होते.

अडते ते एका ठरावीक जागी. बरेच रजिस्ट्रार होस्टच्या रकान्यात जे लिहाल त्याला आपले डोमेन आपोआप जोडतात. माणूस काळजीपूर्वक पूर्ण पत्ता लिहितो आणि डोमेन दोनदा लागून नोंद निरुपयोगी होते. पडताळणी होत नाही, चूक कुठे आहे ते पडद्यावर कळत नाही, आणि 'आपल्याला हे जमणारे नाही' असे म्हणून माणूस सोडून देतो. रकान्यात फक्त अंडरस्कोअर-एटीप्रोटो ठेवले की प्रश्न मिटतो. डीएनएसला हात लावायचा नसेल तर वेबसाइटच्या 'वेल-नोन' या ठरावीक फोल्डरमध्ये डीआयडी लिहिलेली एक साधी फाइल ठेवूनही हेच साधते.

तपासणी दोन्ही बाजूंनी होते, हे यातले महत्त्वाचे. डोमेन म्हणते 'माझा क्रमांक हा', आणि त्या क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेले असते 'माझे नाव हे'. दोन्ही जुळले तरच हँडल खरे मानले जाते. त्यामुळे कुणी आपल्या डोमेनवर दुसऱ्याचा क्रमांक टाकून त्याला बळेच ते नाव चिकटवू शकत नाही.

ही पद्धत घडत असताना २०२३मध्ये एक प्रसंग घडला, तो सांगण्यासारखा आहे. तेव्हा फाइलची तपासणी वेबसाइटवरच्या 'एक्सआरपीसी' नावाच्या फोल्डरमध्ये होई. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेत ग्राहकाला आपल्या साठ्याचे नाव निवडता येते आणि ते नाव ॲमेझॉनच्याच पत्त्यापुढे लागते. एका वापरकर्त्याने नेमके 'एक्सआरपीसी' हे नाव घेतले, त्यात आपला डीआयडी ठेवला, आणि ब्लूस्कायच्या दृष्टीने तो ॲमेझॉनच्या एस-थ्रीचा अधिकृत मालक ठरला. त्यानंतर ब्लूस्कायने 'वेल-नोन' फोल्डरची रूढ पद्धत स्वीकारली. त्या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते आणि एस-थ्रीत तसे नाव घेता येत नाही, त्यामुळे ती फट बुजली. ओळख डोमेनवर टेकवायची तर डोमेनच्या कोणत्या कोपऱ्यात कोण लिहू शकतो याचा बारकाईने विचार करावा लागतो, हे त्या एका साठ्याने दाखवून दिले.

संस्थांना ही व्यवस्था अगदी फिट बसते. न्यूयॉर्क टाइम्स आणि एनपीआर यांची ब्लूस्कायवरची हँडले म्हणजे त्यांची मूळ डोमेने. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या हँडलच्या शेवटी 'सेनेट डॉट गव्ह' आहे. ते डोमेन सिनेटबाहेरच्या कुणाला मिळणे शक्य नाही, त्यामुळे वेगळ्या निळ्या खुणेची गरजच उरत नाही. एखादे दैनिक आपल्या डोमेनखाली प्रत्येक बातमीदाराला उपडोमेन देऊ शकते आणि तो नोकरी सोडून गेला की ते काढू शकते. बातमीदाराचे खाते, फॉलोअर, पोस्ट त्याच्याकडेच राहतात, फक्त दैनिकाचे नाव उतरते. नोकरी आणि माणूस यांतला हा फरक दुसऱ्या कुठल्याही व्यासपीठाने इतका स्वच्छ ठेवलेला नाही.

युरोपात सरकारी पातळीवर हा विचार मॅस्टोडॉनच्या मार्गाने झाला. जर्मन सरकारी खाती 'सोशल डॉट बुंड डॉट डीई' या सर्व्हरवर आहेत, आणि बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२३मध्ये स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर उभारून प्रयोग केला. सरकारचे म्हणणे सरकारच्याच पत्त्यावरून यावे, परदेशी कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नसावे, ही भूमिका रास्त आहे.

सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र डोमेन इतके सिद्ध करू शकत नाही. पाटील, जाधव, कुलकर्णी हजारो आहेत, आणि डोमेन जो आधी घेईल त्याचे. शिवाय एक अक्षर बदलून दिसायला सारखे डोमेन कुणालाही घेता येते. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ब्लूस्कायवर गर्दी वाढली तसे तोतयेही वाढले. अखेर एप्रिल २०२५मध्ये कंपनीने निळी खूण आणली आणि काही विश्वासार्ह संस्थांना ती देण्याचा अधिकार दिला. डोमेनने ओळख पटवण्याच्या मूळ कल्पनेला ही मुरड होती, पण ती आवश्यक होती. डोमेन 'हे खाते या पत्त्याचे' एवढेच सांगते. 'हा माणूस तोच' हे त्याला सांगता येत नाही.

नॉस्टरबद्दल थोडक्यात. तिथे ओळख म्हणजे एक गुप्त किल्ली आणि तिच्यावरून निघणारी जाहीर किल्ली. डोमेनवर एक फाइल ठेवून त्या किल्लीला नाव जोडता येते, पण ते नाव निव्वळ सोयीचे. गुप्त किल्ली हरवली तर ओळख गेली आणि चोरीला गेली तर चोराची झाली. मध्ये पडणारा कुणी नाही. ज्यांना किल्ल्या सांभाळण्याची शिस्त आहे त्यांनाच हे मानवेल. बहुतेक घरांत पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर असतात, हे लक्षात घेतले तर नॉस्टरची शिफारस सरसकट करवत नाही.

तिन्ही जाळी शेजारी ठेवली की खरा मुद्दा दिसतो. डोमेन गेले तर काय उरते? ब्लूस्कायवर हँडल अवैध असल्याची सूचना दिसते, पण खाते, फॉलोअर, पोस्ट शाबूत राहतात आणि दुसरे नाव लावून काम पुढे चालते. नॉस्टरवर नाव पुसले जाते, किल्ली राहते. मॅस्टोडॉनवर सगळे जाते, आणि नवा मालक त्याच पत्त्यावर त्याच नावाचे खाते उघडू शकतो. ब्लूस्कायच्या जाळ्यात ओळखक्रमांकही थेट डोमेनवर बेतण्याचा एक पर्याय आहे, त्याला डीआयडी-वेब म्हणतात. तत्त्वनिष्ठ तंत्रज्ञांना तो आवडतो, कारण त्यात कुणा मध्यवर्ती नोंदवहीची गरज नाही. पण त्यात डोमेनबरोबर ओळखही कायमची जाते. सामान्य माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

मध्यवर्ती नोंदवहीचा आक्षेप खोटा नाही. ब्लूस्कायवरचे जवळपास सगळे डीआयडी ज्या नोंदवहीत असतात ती ब्लूस्काय कंपनीच चालवत आली. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने ती स्वित्झर्लंडमधल्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्याचे जाहीर केले. दिशा योग्य आहे. नोंदवहीत एक चांगली तजवीजही आहे: खात्याच्या मालकाकडे वरच्या दर्जाची किल्ली असेल, तर कुणी परस्पर केलेला बदल ७२ तासांच्या आत फिरवता येतो. ती किल्ली स्वतःकडे घेण्याचे काम अजून फार थोडे लोक करतात, कारण ते सेटिंग्जमधल्या एखाद्या बटणाइतके सोपे नाही.

नाव आपले झाले, तरी माल कुठे आहे हा प्रश्न राहतो. डोमेनचे हँडल लावणाऱ्या बहुतेकांच्या पोस्ट आजही ब्लूस्कायच्याच सर्व्हरवर असतात. फेब्रुवारी २०२४पासून स्वतःचा डेटा सर्व्हर चालवून या जाळ्यात सामील होता येते, आणि रूडी फ्रेझर यांच्या ब्लॅकस्काय या उपक्रमाने कृष्णवर्णीय समाजासाठी अशी स्वतंत्र यंत्रणा उभी करून दाखवली आहे. तिचे मोल ऑगस्ट २०२५मध्ये कळले. मिसिसिपी राज्याच्या वयपडताळणी कायद्यामुळे ब्लूस्कायने आपले ॲप तिथे बंद केले, पण ती बंदी त्या एका ॲपपुरती होती. त्याच जाळ्यावरची इतरांची ॲप तिने बंद होत नव्हती. तरीही एकट्या माणसाने सर्व्हर सांभाळण्याचा अट्टहास करू नये. बॅकअप, सुरक्षा, अपडेट हे रोजचे काम आहे. डोमेन हातात असले की पुढे केव्हाही हलता येते, हे समाधान पुरेसे आहे.

पण डोमेन तरी हातात असते का? कायद्याने ते विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ला ब्रिटिश रहिवाशांची ८० हजारांहून अधिक 'डॉट ईयू' डोमेने निलंबित झाली. त्या लोकांनी भाडे चुकवले नव्हते की नियम मोडला नव्हता. 'डॉट आयओ' हे तंत्रज्ञांचे लाडके डोमेन ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे आहे, आणि मे २०२५मध्ये ब्रिटनने त्या चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली; त्यामुळे त्याच्या भवितव्याची चर्चा सुरू आहे. 'डॉट ऑर्ग' चालवणारी संस्था १ अब्ज १३.५ कोटी डॉलरना एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट २०१९मध्ये घातला गेला होता. जगभरातल्या स्वयंसेवी संस्थांनी विरोध केला आणि एप्रिल २०२०मध्ये डोमेनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅनने परवानगी नाकारली. गमतीदार शेपटाच्या मोहात न पडता 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' किंवा 'डॉट इन' घ्यावे, असे जाणकार सांगतात ते यासाठी.

नावावरून भांडणेही होतात. अमेरिकेत उझी निसान यांनी १९९४मध्ये स्वतःच्या आडनावाचे डॉट कॉम घेतले. १९९९मध्ये निसान मोटार कंपनीने त्यांच्यावर खटला भरला. डोमेन त्यांच्याकडेच राहिले, पण कोर्टकचेरी वर्षानुवर्षे चालली. आपल्याकडे अरुण जेटली यांच्या नावाचे डोमेन दुसऱ्यानेच घेऊन ठेवले होते आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जुलै २०११मध्ये निकाल जेटलींच्या बाजूने लागला. प्रसिद्ध नावाला न्यायालयाने संरक्षण दिले, ही चांगली गोष्ट. ज्याचे नाव तितके प्रसिद्ध नाही आणि ज्याच्यापाशी वकिलाचे पैसे नाहीत, त्याने मात्र नाव मोकळे आहे तोवर घेऊन ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

मराठी माणसाच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: हे नाव देवनागरीत का नसावे? ऑगस्ट २०१४पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे, आणि ज्या आठ भाषांसाठी ते सुरू झाले त्यांत मराठी आणि कोकणीही आहेत. ते ब्लूस्कायवर हँडल म्हणून तांत्रिकदृष्ट्या चालते. पण डीएनएसच्या पोटात देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवले जाते, आणि ते पुन्हा देवनागरीत दाखवण्याची सक्ती ॲपवर नाही. परिणामी सुंदर मराठी नावाच्या जागी 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य अक्षरे दिसण्याची शक्यता राहते. दिसायला सारख्या अक्षरांनी फसवणूक होऊ नये, ही त्यामागची काळजी खरी आहे. पण त्या काळजीपायी एका लिपीचे नाव वाचताच येऊ नये, हे पटत नाही. ॲप बनवणाऱ्यांकडे मराठी, हिंदी, नेपाळी वापरकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर 'डॉट भारत' वेबसाइटसाठी ठेवावे आणि हँडलसाठी रोमन.

प्रत्येकाने स्वतःच्या नावाचे डोमेन लावावे, असेही नाही. डोमेन घेताना नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, पैसे भरल्याची नोंद राहते. अत्याचाराविरुद्ध टोपणनावाने लिहिणारी बाई, गावातल्या जातीय दडपणाबद्दल बोलणारा तरुण, नोकरीत राहून आतल्या गोष्टी उघड करणारा कर्मचारी यांना ती नोंद धोक्याची ठरू शकते. त्यांना सर्व्हरने दिलेले साधे हँडल अधिक सुरक्षित.

बाकीच्यांनी हे जरूर करावे, आणि करताना तीन बाबतींत कसूर करू नये. डोमेनच्या खात्याला जोडलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की रिन्यूची आठवण करणारे पत्रही बंद पडते. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने घेतले तर त्यावर येणारे टपालही त्याला मिळते, आणि 'पासवर्ड विसरलात?' या बटणाने तो आपल्या बाकीच्या खात्यांत शिरू शकतो. म्हणून वापरात नसलेले डोमेन सोडण्याआधी त्याला जोडलेले सगळे ई-मेल बदलून घ्यावेत. आणि घरातल्या एका तरी माणसाला हे डोमेन कुठून घेतले, पैसे कधी भरायचे, हे माहीत असावे. 'डॉट कॉम' आणि 'डॉट इन' एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतात. वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतो. निदान पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नये, रिन्यूचा दर आधी पाहावा.

महाराष्ट्रातली दैनिके, प्रकाशनसंस्था, विद्यापीठे, साहित्यसंस्था यांच्याकडे डोमेने आधीपासूनच आहेत आणि त्यांचे पैसे दरवर्षी भरले जातात. त्यांना नवे काही विकत घ्यायचे नाही. आपली डोमेने हँडल म्हणून लावायची आणि आपल्या लेखकांना, बातमीदारांना, प्राध्यापकांना उपडोमेन द्यायचे, एवढेच काम आहे. संस्थेच्या नावाने तोतयाचे खाते निघाल्यावर खुलासे काढत बसण्याआधी त्यांच्या संगणक विभागाने ही टीएक्सटी नोंद करून टाकावी.